दौंडची दुपारपाळी

पुण्याच्या गाड्या तोंड न फिरवता मनमाडकडे नेणारी कॉर्ड लाईन होण्याआधीच्या दिवसांतली ही पाळी. मी दौंड जंक्शनवर पॉइंट्समन.

दुपारी २. हजेरीची सही, झेंड्या ताब्यात. मनमाडचा मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला, तो दौंडला पुण्याकडच्या टोकाला येऊन मिळतो. म्हणून सोलापूरकडून येणारी कर्नाटक एक्सप्रेस सरळ मनमाडला निघते. पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या गाडीला मात्र इथे तोंड फिरवावं लागतं.

३ च्या सुमारास. दिल्लीकडून गोवा एक्सप्रेस. इंजिन काढलं, दुसऱ्या टोकाला लावलं, पुण्याकडे रवाना.

५. मालगाडीचं शंटिंग, मग चहा.

पावणेसात. पुण्याहून झेलम एक्सप्रेस आली. ड्रायव्हर इंजिन जरासं मागे रेटून बफर दाबतो, म्हणजे कपलिंग ढिलं पडतं. मी इंजिन आणि डब्याच्या मधे शिरतो. आधी ब्रेकच्या हवेचे दोन्हीकडचे कॉक बंद, मग होज पाईप सोडायचे. उरलेली हवा फस्सकन तोंडावर येते. स्क्रू फिरवून सैल करायचा आणि ती जड कडी हुकातून उचलायची. आत असताना ड्रायव्हरने मला विचारल्याशिवाय इंचभर हलायचं नाही. माझा जीव त्या शिस्तीवर असतो, आणि दौंडच्या ड्रायव्हरांनी ती पाळलेली मी रोज पाहतो.

फलाटावरून एक बाई वाकून विचारतात, "दादा, गाडी परत पुण्याला चालली का?"

"नाही ताई, नगरलाच. बसा आत."

इंजिन शेजारच्या रुळावरून फिरून गाडीच्या शेपटीला लागतं. तिथला एल.व्ही.चा, म्हणजे शेवटच्या डब्याचा, फलक आणि लाल दिवा आता या टोकाला, गार्डसाहेबही पेटीसह इकडच्या डब्यात. ब्रेक पाईपमध्ये पाच किलो दाब भरला की ड्रायव्हर ब्रेक लावतो आणि गार्ड आपल्या डब्यातला काटा उतरतोय का पाहतात. तो उतरला, तरच हवा शेवटच्या डब्यापर्यंत पोचतेय. लोकांना वाटतं गाडी नुसती उभी आहे. या खोळंब्याला कंटाळणाऱ्याने एकदा हे काम खाली उतरून बघावं.

आठ वाजण्याच्या आत आझाद हिंद एक्सप्रेस. पुन्हा तेच, फक्त अंधारात, हातात बत्ती.

१०. रात्रपाळीवाला आला. मध्यरात्रीची महाराष्ट्र एक्सप्रेस त्याची. त्याला सांगितलं, "यार्डातल्या इंजिनाचा होज गळतोय, फिटरला कळवलंय. बदलल्याशिवाय जोडू नकोस."