आउटबोर्ड इंजिनातील कुंभारीण

कोकण किनाऱ्यावर पावसाळी बंदीनंतर होडी पाण्यात उतरते, आउटबोर्ड इंजिन सुरू होते. पण थंडाव्याच्या पाण्याची धार बाहेर पडत नाही. इंजिन तत्काळ बंद करावे. मात्र पंपाचा इम्पेलर उघडण्याआधी धारेचे छिद्र पाहावे. पडून असलेल्या इंजिनाच्या अशा पोकळीत कुंभारीण माशी लुळे केलेले कोळी वा अळ्या साठवते, अंडे घालते आणि तोंड चिखलाने लिंपते. ही माती जाड तंगुसाने हळुवार कोरून बाहेर काढावी. आत ढकलू नये. इंधनटाकीचे हवाछिद्र असेच बुजले, तर इंजिन थोडे चालून बंद पडते व टाकीचे झाकण सैल करताच पूर्ववत चालते. कीटकनाशक येथे निरुपयोगी, कारण माती तशीच राहते. शिवाय ही एकांडी माशी सहसा डंख करत नाही. बंदीकाळात दोन्ही छिद्रे बारीक जाळीच्या कापडाने झाकावीत आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी ते आठवणीने काढावे.