थंडीतले दीड तास : घरच्या घरी मुलांचा खेळवर्ग कसा सुरू कराल?



"घरातून काहीतरी सुरू करायचंय, भांडवल फार नाही," असं म्हणणाऱ्यांसाठी आजचा विषय आहे. थंडीच्या दिवसांत घरात कंटाळलेल्या मुलांना गुंतवून ठेवणं हे काम आपण नेहमी फुकटात करतो. शेजारची दोन मुलं आली तर त्यांनाही सांभाळतो. हेच काम नीट आखलं तर त्याचा छोटा व्यवसाय होतो. पण त्यात पैसे नक्की कशाचे मिळतात, हे आधी समजून घ्या.

गिऱ्हाईक कधी अडतं?

आपल्याकडे थंडीत मुलं दिवसभर घरात कोंडलेली नसतात. दुपारी मस्त ऊन असतं, मुलं बाहेर हुंदडतात. अडचण येते संध्याकाळी. पुण्यात जूनमध्ये सूर्य सातच्या पुढे मावळतो, डिसेंबरच्या सुरुवातीला मात्र सहाच्या आसपास. नागपुरात तर साडेपाचलाच दिवस कलतो. म्हणजे मैदानावरचा तासभर कमी झाला. मुलं सहाला घरात, आई-बाबा कामावरून यायचे आहेत किंवा स्वयंपाकात आहेत, आणि मुलाच्या हातात मोबाईल.

म्हणून तुमची वेळ ठरली : संध्याकाळी सहा ते साडेसात. तुमचा हंगामही ठरला : दिवाळीची सुट्टी संपल्यापासून जानेवारी अखेरपर्यंत, साधारण दहा आठवडे. फेब्रुवारी संपता संपता पुण्यात सूर्यास्त साडेसहाच्या पुढे जातो आणि मुलं पुन्हा मैदानावर जातात. हा हंगामी धंदा आहे हे मान्य करूनच उतरा. नाताळच्या सुट्टीत सकाळची एक जादा बॅच घेता येईल.

पालक तुम्हाला रंगीत कागदाचे पैसे देत नाहीत. मूल दीड तास सुरक्षित आहे, मोबाईलशिवाय आहे आणि हसत घरी येतंय, याचे ते पैसे देतात.

मुलं कंटाळतात का?

सगळ्यांना एकच नमुना दाखवून "असंच करा" म्हटलं की गडबड होते. हुशार हाताचं मूल दहा मिनिटांत मोकळं, लहान मूल रडकुंडीला. काम फार सोपं झालं तरी कंटाळा, फार अवघड झालं तरी कंटाळा. म्हणून असं काम निवडा, ज्यात पुढची पायरी नेहमी शिल्लक असते.

एक उदाहरण घ्या. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे छोटे तुकडे आणि गुल काढलेल्या काड्या. ट्यूबच्या तुकड्यांनी काड्या जोडून पहिल्यांदा त्रिकोण करायचा, मग चौकोन. दोन्ही दाबून बघायचे. चौकोन तिरका होऊन पडतो, त्रिकोण हलत नाही. का बरं? मग चौकोनात एक तिरपी काडी टाकायला सांगा. ती मापात बसवायला मुलं डोकं लावतात, आणि बसली की चौकोनही उभा राहतो. तिथून घर, मनोरा, पूल. पाच वर्षांचं मूल त्रिकोणावर खूश, दहा वर्षांचं पुलावर अडकलेलं. एकच साहित्य, पण चाळीस मिनिटं कोणी घड्याळाकडे बघत नाही.

टाकाऊ वस्तूंपासून अशी विज्ञान खेळणी करण्याचं मोठं काम अरविंद गुप्ता यांनी केलं आहे. पुण्याच्या आयुकामधल्या विज्ञान केंद्रात ते अनेक वर्षं होते, २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर शेकडो खेळण्यांची कृती फुकट बघायला मिळते. हंगाम सुरू होण्याआधी त्यातली बारा निवडा आणि प्रत्येक एकदा स्वतः करून बघा.

दीड तासाची आखणी

- पहिली १५ मिनिटं हालचाल : 'शिवाजी म्हणतो'सारखा जागेवरचा खेळ. आधी अंग मोकळं झालं तर मुलं नंतर बसतात.
- पुढची ४० मिनिटं हातकाम : वर सांगितलं तसं, पायऱ्या असलेलं.
- १० मिनिटं पाणी आणि आवराआवर : कात्र्या, कागद मुलांनीच जागेवर ठेवायचे.
- २० मिनिटं बैठा खेळ : सागरगोटे, नवकांकरी, सापशिडी, पत्त्यांतला बदाम सात.
- शेवटची ५ मिनिटं : न्यायला आलेल्या पालकांना मुलाने स्वतः दाखवायचं, आज काय केलं.

ही शेवटची पाच मिनिटं सोडू नका. तुमची जाहिरात तिथेच होते.

हातकामाला सणांची जोड द्या. नाताळात कागदी चांदण्या, संक्रांतीला तिळगुळाची पाकिटं आणि छोटे पतंग, प्रजासत्ताक दिनाला तोरणं. वस्तू घरात वापरली गेली की पालकांना फी जड वाटत नाही.

आता हिशेब, इथेच बरेच जण फसतात

समजा, आठवड्यातून तीन दिवस, महिन्याला १२ वर्ग, प्रत्येक मुलाची फी १,२०० रुपये. साहित्य प्रत्येक मुलामागे एका वर्गाला २० रुपये. वीज, साफसफाई, किरकोळ मिळून महिन्याला ६०० रुपये. मदतनीस ठेवला तर एका वर्गाचे १५० रुपये, म्हणजे महिन्याला १,८००. तुमचा वेळ : दीड तास वर्ग आणि एक तास तयारी, असे १२ वेळा, म्हणजे ३० तास.

- ४ मुलं, तुम्ही एकट्याने : ४,८०० जमा, खर्च १,५६०, शिल्लक ३,२४०. तासाला १०८ रुपये.
- ६ मुलं, मदतनीस ठेवून : ७,२०० जमा, खर्च ३,८४०, शिल्लक ३,३६०. तासाला ११२ रुपये.
- ८ मुलं, मदतनीस ठेवून : ९,६०० जमा, खर्च ४,३२०, शिल्लक ५,२८०. तासाला १७६ रुपये.

नीट बघा. चाराची सहा मुलं झाली, गोंगाट वाढला, जबाबदारी वाढली, आणि हातात फक्त १२० रुपये जास्त! कारण चारच्या पुढे एकट्याने लक्ष ठेवणं अवघड, मदतनीस लागतोच, आणि वाढलेली फी तोच घेऊन जातो. म्हणून एक तर चारवर थांबा, नाहीतर आठ नावं पक्की झाल्यावरच मदतनीस ठेवा. तुमच्या गावातले दर वेगळे असतील. आकडे बदला, पद्धत हीच ठेवा. आणि स्वतःच्या तासांचा हिशेब सोडू नका. तो सोडला की तोट्यातला धंदासुद्धा फायद्याचा वाटतो.

दुसऱ्याचं मूल आहे, नियम आधी ठरवा

१. मुलाला कोण न्यायला येणार, त्यांची नावं आणि फोन नंबर लिहून घ्या. अनोळखी माणसाबरोबर मूल पाठवायचं नाही.
२. कात्र्या बोथट टोकाच्या घ्या. तीन वर्षांखालचं भावंड खोलीत असेल तर मणी, ट्यूबचे तुकडे, बटण सेल काढायचेच नाहीत. ते तोंडात जातात.
३. निफाड-नाशिककडे कडाक्याची थंडी पडते. तरीही बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नका, तिचा वायू जीवघेणा असतो. सतरंजी आणि स्वेटर पुरेसे आहेत.
४. ताप-खोकला असलेलं मूल त्या दिवशी घरी. तो वर्ग पुढे भरून द्यायचा की फीमध्ये वळता करायचा, हे पहिल्याच दिवशी सांगा.
५. खाऊ देऊ नका. पाण्याची बाटली घरून आणू द्या.
६. सोसायटीत राहत असाल तर आधी लेखी परवानगी घ्या.

किट विकायचा मोह

वर्ग चांगला चालला की पालक म्हणतात, "ताई, याचा डबा करून द्या ना, गावी भाच्याला पाठवते." इथे थांबा. वर्गात मुलांकडून वस्तू करून घेणं वेगळं आणि खेळणं म्हणून खोक्यात भरून विकणं वेगळं. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना यात सूट आहे, पण ती सगळ्यांना नाही. तुमचं किट खेळण्यात मोडतं का, हे भारतीय मानक ब्यूरोच्या कार्यालयात विचारूनच माल भरा. उद्यम नोंदणी मात्र ऑनलाइन आणि मोफत आहे, कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

या आठवड्यात काय कराल?

ओळखीच्या चार मुलांना बोलवा आणि एकच वर्ग घ्या, फी ५० रुपये. फुकट नको, कारण फुकट असेल तर सगळेच "छान" म्हणतात. वर्ग संपल्यावर पालकांना एवढंच विचारा : "पुढच्या मंगळवारी पाठवाल का?" चारपैकी तिघांनी आगाऊ फी दिली तर तुमचा धंदा सुरू झाला. नाही दिली, तर तुमचं नुकसान एका संध्याकाळचं आणि ऐंशी रुपयांच्या साहित्याचं, तेही फीमधून भरून निघालेलं.

तुमच्या भागात फी किती ठेवता येईल, ते कमेंटमध्ये गावाच्या नावासकट लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!