जुने इंजिन का रुसते?

ज्वारी पोटऱ्यात आली आहे. पाणी आजच द्यायला हवे. आणि विहिरीवरचे जुने डिझेल इंजिन काही केल्या सुरू होत नाही. दोघे आलटून पालटून हँडल मारतात, घामाघूम होतात. चाक फिरते, पण इंजिन बोलत नाही. हा प्रसंग ज्याच्यावर आला नाही असा बागाईतदार विरळा.

आता बऱ्याच विहिरींवर विजेची मोटार आली. तरी विजेचा काय भरवसा? म्हणून पुष्कळांनी जुने इंजिन मोडीत काढलेले नाही. आपल्याकडच्या संथ चालीच्या, एका सिलिंडरच्या इंजिनांत बरीचशी इंग्लंडातील लिस्टर कारखान्याच्या 1930 च्या सुमाराच्या नमुन्यावर बेतलेली आहेत. ती मिनिटाला साडेसहाशेच्या आसपास फेरे घेतात. पळत नाहीत, म्हणून झिजतातही सावकाश. मोठी चिवट जात!

आम्ही मिस्त्री नव्हे. आमचा जन्म खडू आणि फळ्यात गेला. पण घरची शेती होती, इंजिन जुने होते आणि मिस्त्री लांब तालुक्याला. त्यामुळे चार गोष्टी शिकाव्या लागल्या.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. मग डिझेल पेटते कशाने? सायकलीत हवा भरताना पंपाचे बूड हाताला गरम लागते, हे तुम्ही पाहिलेच असेल. दाबलेली हवा तापते. इंजिनातला पिस्टन हवेला पंधराव्या ते विसाव्या हिश्श्याएवढ्या जागेत कोंबतो. ती इतकी तापते की नोझलमधून उडालेला डिझेलचा फवारा तिच्यात आपोआप पेट घेतो. जर्मनीच्या रुडॉल्फ डिझेल यांनी 1897 साली असे इंजिन नीट चालवून दाखवले. तेलाला नाव त्यांचेच पडले. तेव्हा इंजिनाला मुख्यतः दोन गोष्टी हव्यात : कडक दाब आणि वेळेवर फवारा. इंजिन रुसले की हेच दोन प्रश्न त्याला विचारायचे.

आधी फवारा पाहू. टाकीत डिझेल आहे का? तोटी उघडी आहे का? हसू नका, बंद तोटीवर हँडल मारणारे आम्ही स्वतः आहोत. मग नळीतली हवा. टाकी एकदा कोरडी पडली की नळीत हवा शिरते. पंप त्या हवेलाच दाबीत बसतो आणि डिझेल पुढे सरकत नाही. अशा वेळी फिल्टरवरचा हवा सोडायचा स्क्रू सैल करा. आधी बुडबुडे येतील. बुडबुडे संपून सलग धार लागली की ती चालू असतानाच स्क्रू आवळा. पंपाजवळही तेच करा. शेवटी नोझलला जाणाऱ्या बारीक नळीचा नट थोडा ढिला करून हँडल फिरवा, डिझेल आले की आवळा. आता हेडवरची दाब सोडायची कळ उचलून हँडल फिरवा आणि कान द्या. चाकाच्या दर दोन फेऱ्यांना नोझल एकदा 'कर्र' करते. तसे केले तर डिझेल आत जाते आहे.

कोणी नोझल बाहेर काढून फवारा पाहतात. पाहा, पण त्याच्यापुढे हात धरू नका. तो फवारा कातडी भेदून आत जातो. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, पण आतले मांस सडते आणि हात गमावायची पाळी येते. तसे झालेच तर दुखण्याची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.

एका उन्हाळ्यात आमचे इंजिन अर्धा तास चाले आणि बंद पडे. थोडे थांबले की पुन्हा सुरू होई, पुन्हा अर्ध्या तासाने बंद. मिस्त्री आला, त्याने पंप खोलला, नोझल बदलले, पैसे घेऊन गेला. इंजिन पुन्हा तसेच! शेवटी गड्याने डिझेल ओतायला टाकीचे झाकण काढले, तेव्हा आत 'फुस्स' असा आवाज झाला. झाकणाला वरून बारीक भोक असते. त्यात कुंभारीण माशीने चिखल भरला होता. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल गटगट अडकत येते, म्हणून आपण दुसरे भोक पाडतो ना? तसेच हे. हवा आत गेल्याशिवाय डिझेल खाली उतरणार कसे? एक काडी घातली, काम झाले. नोझलचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

आता दाब. कळ खाली ठेवून हँडल सावकाश रेटा. एका जागी ते जड व्हायला हवे. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. उलट झटका बसला तर विळखा घातलेला अंगठा मोडतो. जड न होता हँडल सहज फिरले तर दाब कुठून तरी निसटतो आहे. सायलेन्सरमध्ये सूं ऐकू आले तर धुराचा व्हॉल्व्ह नीट बसत नाही, हवेच्या फिल्टरकडे ऐकू आले तर हवेचा. पाण्यात बुडबुडे येत असतील तर हेडखालचे गास्केट गेले. यांतले काहीच नसेल तर रिंगा झिजल्या असाव्यात. ही कामे मिस्त्रीचीच.

चालू इंजिनाचा धूरही बोलतो. काळा असेल तर हवा कमी पडते, किंवा नोझल गळते, किंवा ओझे जास्त झाले. आधी हवेचा फिल्टर धुवा. निळा धूर म्हणजे वंगणाचे ऑइल जळते आहे. थंडीत सुरुवातीला पांढरा येतो, तो चालायचाच. गरम झाल्यावरही राहिला तर डिझेलात पाणी असेल किंवा दाब कमी असेल.

पण इंजिन विहिरीत असेल तर धुराची गोष्ट निराळी, आणि जिवावरची. पंप सुमारे वीस-बावीस फुटांच्या वर पाणी ओढू शकत नाही. म्हणून पाणी खोल गेले की काही जण इंजिन विहिरीतल्या टप्प्यावर उतरवतात. धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. इंजिन बंद झाले तरी तो विहिरीत साचून राहतो. एक जण इंजिन पाहायला उतरतो आणि पडतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, तोही पडतो. कंदील सोडून पाहिला, विझला नाही, म्हणून हवा चांगली असे समजू नये. या वायूत कंदील जळत राहतो, माणूस मरतो. धुराची नळी वर काढली तरी भरवसा नाही, एक सांधा सुटला की पुरे. इंजिन वरच ठेवावे. खाली कोणी पडलाच तर मागोमाग उतरू नये, 112 ला फोन करावा.

राहता राहिला मिस्त्रीचा निरोप. "इंजिन बंद पडलं, लवकर या" एवढ्यावर तो रिकाम्या हाताने येतो आणि सामान आणायला परत जातो. तुम्हांला आता लिहिता येते. चिठ्ठी लिहा. आमच्या शेजारणीने लिहिली ती अशी :

"मिस्त्रीदादांस नमस्कार. डिझेल आहे. हवा काढली. नोझल करकरते. हँडल जड होत नाही. सायलेन्सरमधून सूं येतं. गहू वाळतो आहे. व्हॉल्व्ह घासायची पेस्ट घेऊन या."

मिस्त्री पेस्ट घेऊनच आला. दुपारी पाणी पाटाला लागले.