हरिश्चंद्रगड

महाराष्ट्र राज्यातील सह्याद्रीच्या मुख्य रांगेवरील एक प्रसिद्ध गिरिदुर्ग व पर्यटनस्थळ. तो अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, ठाणे व पुणे या जिल्ह्यांच्या सीमांलगत वसलेला असून समुद्रसपाटीपासून त्याची उंची सु. १,४२४ मी. आहे. गडाच्या विस्तीर्ण माथ्यावर तारामती, रोहिदास व हरिश्चंद्र ही तीन शिखरे असून त्यांपैकी तारामती (सु. १,४२९ मी.) सर्वांत उंच आहे. केदारेश्वराची जलमय गुहा आणि कोकणकडा ही येथील दोन प्रमुख आकर्षणे होत. गुहेतील पाणी बाराही महिने टिकते, तर कड्याचे रूप ऋतुमानानुसार पालटते. त्यामुळे कोणत्या ऋतूत व कोणत्या वाटेने गेल्यास काय पहावयास मिळेल आणि कोठे धोका संभवेल, हे प्रवाशाने आधी समजून घेणे अगत्याचे ठरते.

भूरचना : गडाचा डोंगर दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी झालेल्या ज्वालामुखी उद्रेकांत लाव्हारसाचे थर एकावर एक साचत गेले आणि त्यांतून हा प्रदेश घडला. कठीण थरांची झीज सावकाश होते, तर सच्छिद्र व भेगाळ थर लवकर झिजतात. यामुळे कठीण थरांचे उभे कडे व मऊ थरांचे उतार अशी पायऱ्यापायऱ्यांची रचना येथे दिसते. गडाचा माथा जलविभाजकावर आहे. मंगळगंगा हा ओढा माथ्यावरून मुळा नदीच्या खोऱ्याकडे जातो आणि त्याचे पाणी अखेरीस गोदावरीस मिळते. पश्चिमेकडे कोसळणारे पाणी मात्र कोकणात उतरून अरबी समुद्राकडे वाहते. माथ्यावर काही पावलांच्या अंतराने पडलेल्या पावसाच्या थेंबांचे मार्ग अशा रीतीने कायमचे वेगळे होतात.

इतिहास व वास्तू : गडावर सलग तटबंदी फारशी आढळत नाही, नैसर्गिक कड्यांनीच संरक्षणाचे काम केले. लष्करी ठाणे म्हणून नव्हे, तर तपोभूमी म्हणून या स्थानास अधिक महत्त्व लाभले. चांगा वटेश्वर यांच्या तत्त्वसार या ग्रंथाची रचना हरिश्चंद्र पर्वतावर शके १२३४ (इ. स. १३१२) मध्ये झाली. अठराव्या शतकात गड मराठ्यांकडे होता व १८१८ मध्ये पेशवाईच्या अस्तानंतर तो इंग्रजांच्या अंमलाखाली गेला.

माथ्यावरील सखल भागात हरिश्चंद्रेश्वराचे शिवमंदिर आहे. त्याचे शिखर सु. १६ मी. उंच असून त्यावरील कोरीवकाम उल्लेखनीय आहे. आवारात खडकात खोदलेल्या लहान गुहा व थंड पाण्याची टाकी असून चांगदेवांनी येथेच तपश्चर्या केली, अशी समजूत आहे. मंदिराजवळील पुष्करणी सप्ततीर्थ या नावाने ओळखली जाते. तिच्या एका बाजूस कोनाड्यांची रांग आहे. तारामती शिखराच्या पायथ्याशी काही लेणी असून त्यांपैकी एकात गणपतीची भव्य मूर्ती आहे. महाशिवरात्रीस गडावर यात्रा भरते.

केदारेश्वराची गुहा : मंदिरापासून ओढ्याच्या बाजूने थोडे खाली उतरले असता ही प्रशस्त गुहा लागते. गुहेच्या मध्यभागी भव्य शिवलिंग असून त्याच्या सभोवती सुमारे कमरेइतके पाणी असते. लिंगाभोवती चार खांब कोरलेले होते. त्यांपैकी एकच आज अखंड उभा असून उरलेल्यांचे केवळ भग्नावशेष शिल्लक आहेत. हे चार खांब म्हणजे चार युगे होत आणि शेवटचा खांब ढासळेल तेव्हा कलियुग संपेल, अशी लोकश्रुती आहे. वस्तुतः गुहा अखंड खडकात कोरलेली असल्यामुळे तिचे छत सभोवारच्या डोंगराशी एकसंध आहे. तीन खांब नष्ट होऊनही ते टिकून राहण्याचे हे प्रमुख कारण होय. भिंतीवर शिवपूजेचा प्रसंग कोरलेला आहे.

डोंगराच्या भेगांतून झिरपणारे पाणी कमी सच्छिद्र थरावर साचून राहते. खडकाच्या अंतर्भागात सूर्याची उष्णता पोहोचत नसल्याने ते ऐन उन्हाळ्यातही अतिशय थंड असते. भाविक या पाण्यातून लिंगास प्रदक्षिणा घालतात. पावसाळ्यात ओढ्यास पूर आला म्हणजे गुहेपर्यंत जाणे दुरापास्त होते. तळाचा खडक निसरडा असून पाण्याखालील खाचखळगे दिसत नाहीत. म्हणून लहान मुले व पोहता न येणाऱ्या व्यक्ती यांनी काठावरूनच दर्शन घेणे श्रेयस्कर ठरते. येथील पाणी वाहते नसून साचलेले असल्यामुळे त्यात गेलेला साबण, निर्माल्य वा अन्नाचा अंश लवकर निघून जात नाही. गडावर राहणाऱ्यांना व येणाऱ्यांना टाक्यांतील पाण्याचाच आधार असल्याने हीच गोष्ट त्या टाक्यांनाही लागू पडते.

कोकणकडा : गडाच्या पश्चिम टोकास असलेला हा कडा अर्धवर्तुळाकार असून मध्यभागी आत वळलेला आहे. नागाच्या फण्याची उपमा त्यास दिली जाते. त्याचा सरळ तुटलेला भाग सु. ५०० मी. असून माथ्यापासून कोकणतळापर्यंतची एकूण उतरण एक हजार मीटरांहून अधिक भरते. कडा आत वळलेला असल्याने काठावर उभ्या असलेल्या माणसास पायाखालचा खडक दिसत नाही. आपण आधार नसलेल्या पुढे झुकलेल्या कडेवर उभे आहोत, हे त्याच्या ध्यानात येत नाही. त्यामुळे काठाकडे जाताना उभे न राहता पोटावर पडून पुढे सरकत दरी पाहण्याची पद्धत जाणत्या गिरिप्रेमींत रूढ आहे.

समुद्राकडून येणारा वारा कड्याच्या अंतर्वक्र भिंतीवर आदळून ऊर्ध्व दिशेने वळतो. त्याचा जोर असताना दरीत सोडलेले पान वा गवताची काडी पुन्हा वर येते आणि पावसाळ्यात काठावरून पडणारे पाणी तुषारांच्या रूपाने माघारी फिरते. याची प्रचीती घेण्यासाठी दगड फेकणे मात्र अत्यंत घातक होय. वाऱ्याने दगड परत येत नाही आणि कड्याच्या कुशीतून नळीच्या वाटेने गिर्यारोहक चढत असण्याचा संभव असतो.

इंद्रवज्र : कोकणकड्यावर क्वचित दिसणारा हा प्रकाशीय आविष्कार होय. मुंबई इलाख्यातील लष्करी अधिकारी व निसर्ग-अभ्यासक कर्नल विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) यांनी १८३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दख्खनच्या हवामानविषयक लेखात येथे पाहिलेल्या वर्तुळाकार इंद्रधनुष्यांची नोंद केली. इंद्रवज्र दिसण्यासाठी सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीशी व धुके त्याच्या समोर, पातळीच्या खाली असावे लागते. कडा पश्चिमाभिमुख असल्यामुळे ही स्थिती सकाळी, दरीत धुके भरलेले व माथ्यावर ऊन असताना साधते. सायंकाळी सूर्य समोर असल्याने ते दिसणे शक्य नसते. पाहणाऱ्याची सावली धुक्यावर पडते आणि तिच्या मस्तकाभोवती रंगीत वलये उमटतात. त्यांत तांबडा रंग बाहेरच्या बाजूस असतो. सामान्य इंद्रधनुष्याची कोनीय त्रिज्या सु. ४२ अंश असते. इंद्रवज्राची वलये त्याहून पुष्कळच लहान असतात. धुक्याच्या अतिसूक्ष्म जलबिंदूंवरून प्रकाश त्याच्या उगमाच्या दिशेने मागे विखुरला जातो व त्यात प्रकाशाचे तरंगस्वरूप प्रकट होते. प्रत्येकास वलये आपल्याच मस्तकाच्या सावलीभोवती दिसतात. शेजारी उभ्या असलेल्या सोबत्याचे वलय त्यास दिसत नाही. हे दृश्य ज्या धुक्यामुळे घडते, त्याच धुक्यात कड्याची कडा अस्पष्ट होते व खडक ओला राहतो. म्हणून ते पाहण्याच्या उत्सुकतेने पुढे धावणे धोक्याचे असते.

वाटा व ऋतुमान : पाचनई (ता. अकोले) येथून जाणारी वाट तुलनेने सोपी असून तिने सु. दोन ते तीन तासांत माथा गाठता येतो. कल्याण–अहिल्यानगर मार्गावर माळशेज घाट ओलांडल्यावर खुबी फाटा लागतो. तेथून खिरेश्वर (ता. जुन्नर) गाठून टोलार खिंडीमार्गे जाणारी वाट अधिक लांबीची असून तिच्यावर खडकाळ चढ आहे. ठाणे जिल्ह्यातील बेलपाड्याहून निघणारी नळीची वाट अत्यंत अवघड आहे. ती अनुभवी व सुसज्ज पथकांनीच, तीही कोरड्या ऋतूत, माहीतगार स्थानिक वाटाड्यासह चढावी. जून ते सप्टेंबर या काळात गडावर अतिवृष्टी व दाट धुके असते. पावसाळा सरताना माथा रानफुलांनी बहरतो व ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ भ्रमंतीस सर्वांत अनुकूल असतो. उन्हाळ्यात चढ पहाटे आटोपणे सोयीचे असते.

अनुभवामुळे कड्याचा धोका नाहीसा होत नाही. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील जाणते गिर्यारोहक अरुण सावंत यांचा कोकणकड्यावरील मोहिमेत अपघाती मृत्यू झाला. सामान्य प्रवाशाने अंधार पडल्यावर वा धुके उतरल्यावर काठाजवळ जाऊ नये. तसेच गटातील सर्वांत मंद चालणाऱ्याच्या गतीने परतीची वेळ ठरवावी.

संरक्षण : गड व त्याचा परिसर १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात समाविष्ट आहे. या अरण्यात हिरडा, जांभूळ, करवंद इ. वनस्पती विपुल असून डोंगरउतारांवर अनेक वर्षांच्या अंतराने एकदाच सामूहिक रीत्या फुलणारी कारवी आढळते. पायथ्याच्या गावांत महादेव कोळी समाजाची वस्ती असून वाटाड्याचे काम व प्रवाशांच्या भोजननिवासाची सोय यांतून अनेक कुटुंबांस पूरक उत्पन्न मिळते. गडावर येणाऱ्यांची संख्या वाढली, तरी टाक्यांचे आकारमान व गुहेतील पाणी मर्यादितच आहे. ठरलेल्या वाटा न सोडणे, सरपणासाठी झाडे न तोडणे, भिंतींवर नावे न कोरणे आणि सोबत नेलेली प्रत्येक वस्तू परत आणणे, ही बंधने पाळली गेली तरच केदारेश्वराचे पाणी स्वच्छ व उरलेला खांब सुरक्षित राहील.