कावेरीकाठचे मराठी स्वयंपाकघर

तंजावरपासून सुमारे 40 किलोमीटरवर, कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधोमध कुंभकोणम् हे नगर वसले आहे. देवालये, पितळी भांडी, विड्याची पाने आणि कॉफी यांसाठी ते प्रसिद्ध आहे. याच नगरात एका रस्त्याला डबीर स्ट्रीट असे नाव आहे. डबीर हा मराठी राज्यातील हुद्दा. तो इतक्या दक्षिणेस कसा पोहोचला, याचे उत्तर इतिहासात आहे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी 1675 च्या सुमारास तंजावर घेतले आणि तेथील मराठी राज्य 1855 पर्यंत टिकले. राजांमागोमाग कारकून, पंडित, कीर्तनकार आणि त्यांची कुटुंबे आली व कावेरीकाठी स्थिरावली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव 1828 साली कुंभकोणम् येथेच जन्मले.

या कुटुंबांनी आपली भाषा घरात जपली, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्यांच्या चुलीचे काय झाले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. परमुलखात गेलेल्या माणसाच्या स्वयंपाकातले काय टिकते आणि काय बदलते?

प्रथम बदलले ते धान्य. ज्वारी-बाजरी कोरडवाहू जमिनीची पिके. कावेरीचा खोरेप्रदेश पाटाच्या पाण्याचा आणि भाताचा. तेव्हा भाकरी मागे राहिली आणि भात रोजचा झाला. त्यानंतर आंबट बदलले. आमसुलाचे झाड कोकणचे आणि सह्याद्रीच्या उताराचे. कावेरीकाठी ते नाही. चिंच मात्र दारोदार. शेतातून आणि झाडावरून येणारी वस्तू मुलूख ठरवितो, गृहिणी नव्हे.

पण हिंगाची गोष्ट निराळी. परंपरेने हिंग येतो तो अफगाणिस्तान आणि इराणकडून. देशावर काय किंवा तंजावरात काय, तो वाण्याकडूनच घ्यावयाचा. म्हणून हिंग-मोहरीची फोडणी सुटली नाही. मेथी, धने, जिरे, उडीद आणि हरभऱ्याची डाळ ही सामग्रीही दोन्हीकडे मिळणारी. कढीलिंब आणि कोथिंबीर तर शेजाऱ्यांच्याही हाताशी होतीच.

आता पिठल्याचे उदाहरण पाहा. आपल्याकडे पिठले म्हणजे फोडणीच्या पाण्यात शिजविलेले डाळीचे पीठ. त्याची जोडी भाकरीशी. भाकरी गेल्यावर पिठल्याला भाताशी जमवून घेणे भाग पडले. आज तंजावर-कुंभकोणम् भागातील तामिळ घरांत पिटलै नावाचा पदार्थ होतो. त्यात कारले किंवा वांगे, तुरीचे वरण, चिंचेचा कोळ आणि धने, हरभऱ्याची डाळ, मिरची व खोबरे भाजून वाटलेला मसाला असतो. पीठ नाहीसे झाले. हरभऱ्याची डाळ मसाल्यात उरली आणि नाव राहिले. वांग्याच्या रसवांगीचेही असेच. रस आणि वांगी हे दोन्ही शब्द मराठी कानाला परके वाटत नाहीत.

याउलट डांगर जवळजवळ जसेच्या तसे राहिले. भाजलेल्या उडदाचे पीठ दह्यात कालवून त्यावर हिंग-मोहरीची फोडणी द्यावयाची. तिकडे त्याला डांगर पचडी म्हणतात. उडीद, दही, हिंग हे सारे तेथे मिळत होते. मग बदलण्याचे कारणच नव्हते.

असे सर्वत्र घडते. इटलीच्या घरगुती स्वयंपाकाची कल्पना आज टोमॅटोवाचून करवत नाही. परंतु टोमॅटो अमेरिका खंडातून तेथे पोहोचला तो सोळाव्या शतकात, आणि त्याच्या रस्स्याची कृती नेपल्समध्ये छापली गेली ती 1690 नंतर. आपल्या तुळशीच्या कुळातील बेझिल, लसूण आणि ऑलिव्हचे तेल यांच्या संगतीत हा पाहुणा घरचा झाला. आपल्याकडची मिरचीही तशीच अमेरिकेची पाहुणी.

येथे सांबाराची आख्यायिका आठवल्यावाचून राहत नाही. तंजावरच्या मुदपाकखान्यात आमसूल संपले, चिंच वापरली गेली आणि पाहुणे आलेल्या संभाजीराजांच्या नावावरून सांबार झाले, असे सांगतात. कथा गोड आहे. पण तिला त्या काळचा लेखी आधार नाही. संस्कृत संभार म्हणजे सामग्री. विदर्भात कोथिंबिरीला आजही सांबार म्हणतात. तेव्हा हा शब्द कोणा राजाच्या नावाची वाट पाहत थांबला असावा असे वाटत नाही. मराठी स्वयंपाकाच्या खुणा हव्या असतील तर त्या पिटलै, रसवांगी आणि डांगर यांत शोधाव्यात. त्या अधिक साध्या आहेत, पण अधिक भरवशाच्या आहेत.

दरबाराने आपले पाकशास्त्र लिहून ठेवले. तंजावरशी संबंध आलेल्या रघुनाथ नवहस्ते यांनी सतराव्या शतकात ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला. सरफोजीराजांच्या काळातील, म्हणजे 1798 ते 1832 मधील, पाककृतींची पोथी सरस्वती महाल ग्रंथालयात आहे. घरच्या चुलीला मात्र लेखनिक मिळाला नाही. तेथील कृती आजीकडून नातीकडे, चिमूट आणि मूठ या मापांनी गेली. आता मुले शाळेत तामिळ व इंग्रजी शिकतात, नोकरीसाठी दूर जातात आणि घरातही मराठी थोडी थोडी मागे सरते. शब्द ओठांवरून गेल्यावरही काही दिवस तो ताटात राहतो. परंतु करणारा हात थांबला की ताटातूनही जातो.

म्हणून ज्या घरात अशी कृती अजून होते, तेथे ती मापासह आणि तिच्या घरगुती नावासह लिहून ठेवावी. कृती तामिळ लिपीत उतरली तरी बिघडत नाही. नाव तेवढे मराठी राहू द्यावे.