छोट्या कॉम्प्युटरला हार्ड डिस्क जोडताना

शिरूर कासारच्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय. आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, गेमच्या कॉम्प्युटरचं बायांना काय काम? पण मागच्या महिन्यात दोन गावांच्या गटांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला. "ताई, कार्ड भरलं म्हणून हार्ड डिस्क लावली, तर ती दिसतच नाही. काय करावं?" म्हणून आज तेच सांगतो. त्यात आमची एक चूकही सांगणार आहोत, म्हणजे ती तुमच्याकडून होणार नाही.

आपल्या तालुक्याचं तुम्हाला ठाऊकच आहे. दसरा-दिवाळी झाली की उचल घेतलेले कोयते कारखान्याकडं निघतात आणि गावं अर्धी रिकामी होतात. लेकरं आजी-आजोबांपाशी राहतात, नाहीतर हंगामी वसतिगृहात. संध्याकाळी या लेकरांना आईची आठवण फार येते. म्हणून आम्ही गटाच्या खोलीत टीव्हीला एक छोटा कॉम्प्युटर जोडला. एका ताईंच्या पुण्यातल्या मुलानं तो दिला होता. नाव रास्पबेरी पाय. पत्त्यांच्या जोडाएवढी हिरवी पाटी, बाकी काही नाही. मुलांना कॉम्प्युटर स्वस्तात शिकता यावा म्हणून इंग्लंडमधल्या लोकांनी तो 2012 साली बाजारात आणला. त्यावर रिकलबॉक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली घातली की आपल्या लहानपणीच्या टीव्ही गेमसारखे खेळ चालतात. त्यातच कोडी नावाचा भाग आहे. त्यावर गाणी आणि रेकॉर्डिंग लावता येतात.

कोडी आम्हाला खेळांपेक्षा जास्त उपयोगी पडलं. तोडीला जाण्याआधी आयांनी मोबाईलवर गोष्टी, ओव्या आणि "अभ्यास कर, आजीला त्रास देऊ नको" असे निरोप बोलून ठेवले होते. आधी एक तास खेळ आणि मग आईचा आवाज, असा आमचा नेम होता.

या कॉम्प्युटरमध्ये सगळं एका नखाएवढ्या मेमरी कार्डवर असतं. कार्ड म्हणजे डबा आणि हार्ड डिस्क म्हणजे कणगी. डबा भरला की कणगी लागतेच. पण ती नीट बसवावी लागते.

पहिली गोष्ट विजेची. खिशात मावणाऱ्या हार्ड डिस्कला स्वतःची वायर नसते, ती कॉम्प्युटरमधूनच वीज ओढते. आतली तबकडी फिरायला लागताना तर जास्तच ओढते. रास्पबेरी पाय 4 आपल्या चारही यूएसबी खाचांना मिळून 1.2 अँपिअरच वीज देऊ शकतो. त्यात खेळायची दोन रिमोटं लावलेली असली की डिस्क अर्धपोटी राहते. मग ती टिकटिक आवाज करते, मध्येच गायब होते, आणि टीव्हीच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेची खूण दिसते. अशा वेळी डिस्क खराब झाली असं लगेच समजू नका. आधी कॉम्प्युटरचा चार्जर बघा. मोबाईलचा कुठलाही चार्जर चालत नाही. पाय 4 ला 5.1 व्होल्ट, 3 अँपिअरचा त्याचाच चार्जर लागतो. तरीही जमलं नाही तर स्वतःची वीज असलेला यूएसबी हब घ्या आणि डिस्क त्याला लावा. मोठ्या डिस्कला स्वतःचा चार्जर असतो, तिला ही अडचण येत नाही.

दुसरी गोष्ट फॉरमॅटची. धान्य भरण्याआधी आपण कणगी सारवून घेतो, तसंच हे. फॉरमॅटचे प्रकार असतात. जुना प्रकार फॅट32. त्यात 4 जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसत नाही. म्हणून आपल्या कामाला एक्सफॅट बरा. ग्रामपंचायतीतल्या किंवा झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला डिस्क लावा, तिच्या नावावर माऊसचं उजवं बटण दाबा, फॉरमॅट निवडा, त्यात एक्सफॅट निवडा. पण थांबा! फॉरमॅट केलं की डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. लग्नाचे फोटो, गटाचा हिशेब काही असेल तर आधी दुसरीकडं उतरवून घ्या.

तिसरी गोष्ट जोडणीची. छोटा कॉम्प्युटर आधी बंद करा, मग डिस्क लावा. पाय 4 ला दोन निळ्या खाचा असतात, त्या वेगवान आहेत. डिस्क त्यातल्या एकीत लावा, रिमोटं काळ्या खाचांत. कॉम्प्युटर सुरू करून रिमोटवरचं स्टार्ट बटण दाबा. सिस्टिम सेटिंग्जमध्ये जा आणि स्टोरेज ही ओळ शोधा. तिथं बाहेरची डिस्क निवडा आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू होऊ द्या. तो स्वतःच डिस्कवर रिकलबॉक्स नावाचा फोल्डर तयार करतो.

इथं बऱ्याच जणी घाबरतात, कारण जुने खेळ दिसेनासे होतात. ते गेलेले नसतात, कार्डावरच असतात. फक्त आता कॉम्प्युटर डब्यात न बघता कणगीत बघतोय. खेळ आपल्यालाच उतरवावे लागतात. कॉम्प्युटर बंद करून डिस्क काढा, मोठ्या कॉम्प्युटरला लावा आणि रिकलबॉक्स फोल्डरमधल्या रोम्स या फोल्डरात खेळ ठेवा. प्रत्येक जुन्या यंत्राचा कप्पा वेगळा असतो, त्या-त्या कप्प्यातच ठेवा. नाहीतर ते दिसणार नाहीत. खेळही बघून घ्या. जुना झाला तरी त्याच्यावर कंपनीचा हक्क असतो. ज्यांनी फुकट वाटायची परवानगी दिली आहे, तेच खेळ आम्ही ठेवतो. आयांच्या आवाजासाठी मात्र वेगळा फोल्डर करा.

आता आमची चूक. जानेवारीतली संध्याकाळ होती. आवाज लावायची घाई होती म्हणून आम्ही कॉम्प्युटर चालू असतानाच डिस्क ओढून काढली आणि मोबाईलवरची नवी रेकॉर्डिंग भरायला घेतली. डिस्क परत लावली तर ती उघडेना. डिस्कवर लिहिणं चालू असताना ती ओढली, तर आतली यादीच बिघडते. धान्य असतं, पण कुठल्या कणगीत काय आहे ते सापडत नाही. अकरा आयांचे आवाज त्यात होते. सात जणींच्या मोबाईलवर मूळ रेकॉर्डिंग सापडली. चार जणींनी जागा नाही म्हणून पुसून टाकली होती. त्यांना फडावर फोन केला. दिवसभर तोड आणि रात्री गाडी भरणं. तरीही चौघींनी पाचटावर बसून पुन्हा बोलून पाठवलं. एकीच्या आवाजात मागून ट्रॅक्टर ऐकू येतो. तिची मुलगी आता तेच रेकॉर्डिंग मागते.

तेव्हापासून आमचे तीन नियम आहेत. डिस्क काढायच्या आधी रिमोटवरून कॉम्प्युटर बंद करायचा आणि हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की मगच हात लावायचा. लाईट जाते म्हणून टीव्हीच्या जागी नाही, पण कॉम्प्युटर आणि डिस्कच्या जागी छोटा यूपीएस लावायचा. आणि आवाजाच्या दोन प्रती ठेवायच्या, एक डिस्कवर आणि एक गटाच्या कपाटातल्या पेनड्राईव्हवर. दर महिन्याच्या बैठकीला हिशेबाच्या वहीबरोबर तो पेनड्राईव्हही तपासायचा.

मैत्रिणींनो, हे काम अवघड नाही. आमच्यातल्या दहावी झालेल्या दोघी आता ते एकट्यानं करतात. तुमच्या गावात असं काही सुरू करायचं असेल तर पुढच्या बैठकीला या, डिस्क सोबत आणा, मिळून जोडू. पण येताना तिच्यात काय आहे ते आधी उतरवून ठेवा बरं का.