चिमटीतलं कसब

कुत्र्यांच्या सलूनमध्ये पहिलं काम बहुधा आंघोळीचं असतं. बॉर्डर टेरियर आला की मात्र नळ बंदच राहतो. शाम्पूने धुतलेला केस मऊ आणि निसरडा होतो, बोटांत ठरत नाही. आणि या जातीचं खरं काम बोटांनीच करायचं असतं. म्हणून तो मळक्या अंगानेच टेबलावर चढतो. ग्रूमर बोटांना खडूची पूड लावते किंवा रबरी टोप्या चढवते. डाव्या हाताने मानेमागची कातडी ताणून धरते, उजव्या अंगठ्या-तर्जनीच्या चिमटीत मोजकेच केस घेते आणि ते ज्या वळणाने वाढले आहेत त्याच वळणाने सरळ ओढून काढते. मनगट वळवायचं नाही, ओढ दंडातून यायला हवी. मनगट वळलं की केस मधेच तुटतो आणि सगळी मेहनत फुकट जाते.

पाहणाऱ्याला प्रथम धस्स होतं. कुत्र्याचे केस उपटतात म्हणजे त्याला दुखत नसेल का? उत्तर केसाच्या आयुष्यात आहे. केस वाढतो, मग वाढायचा थांबतो, आणि आयुष्य संपल्यावरही काही काळ मुळाशी नुसता अडकून राहतो. खरखरीत अंगाच्या टेरियरांमध्ये हे मेलेले केस आपणहून पुरते गळत नाहीत. पाड लागलेला आंबा देठापासून सुटावा तसे ते चिमटीत अलगद सुटून येतात. वेळ झाली नसेल तर केस अडतो, आणि कुत्रा अंग चोरून तसं सांगतोही. पोट, मांडीची आतली बाजू, शेपटीखालचा भाग इथली कातडी नाजूक, म्हणून तिथे कात्रीच चालवतात. उरलेल्या अंगावर पिकला केस ओळखता येणं हीच या विद्येची खरी कसोटी.

मशिन फिरवलं तर तासाभरात काम उरकतं. मग एवढा खटाटोप कशाला? टेरियरच्या अंगावर दोन थर असतात: वर जाड, राठ केस आणि खाली दाट, मऊ लव. राठ केसाचा कणखरपणा आणि गडद रंग मुख्यतः त्याच्या टोकाकडच्या भागात असतो. मशिन नेमकं तेच कापून टाकतं आणि मेलेलं बूड जागेवरच ठेवतं. मुळासकट उपटलेल्या केसाच्या जागी नवा, ताठ, रंगदार केस येतो. वर्षानुवर्षं मशिनच चालत राहिलं तर अंग कापसासारखं मऊ पडतं, तांबूस रंग फिका दिसू लागतो आणि ओल आत मुरायला लागते. बिघडलेला पोत परत आणणं फार अवघड जातं.

हा पोत दिसण्यासाठी घडला नव्हता. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवर शेव्हिएटच्या टेकड्या आहेत. तिथले मेंढपाळ आणि शिकारी कोल्ह्यांना बिळातून हुसकावण्यासाठी हे लहानखुरे कुत्रे पाळत. दिवसभर रिमझिम, काटेरी झुडपं, ओली माती. अशा कामात राठ केसांचा थर कातडी वाचवी आणि आतली लव ऊब धरून ठेवी. ब्रिटनच्या केनेल क्लबने बॉर्डर टेरियरला 1920 मध्ये मान्यता दिली. आज यांतले बहुतेक कुत्रे बिळाऐवजी सोफ्यावर असतात, पण अंगावरचा थर तोच आहे.

या केसांमागची गोष्ट 2009 मध्ये उलगडली. अमेरिकेत एलेन ऑस्ट्रँडर यांच्या गटाने 80 जातींच्या हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास करून ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं की कुत्र्यांच्या अंगावरच्या केसांचे बहुतेक सगळे प्रकार अवघ्या तीन जनुकांच्या वेगवेगळ्या जुळणीतून येतात. एफजीएफ5 लांबी ठरवतं, केआरटी71 कुरळेपणा आणि आरएसपीओ2 राठपणा. मिशा आणि भुवयाही या शेवटच्याच जनुकाच्या. गुळगुळीत आखूड केसांच्या कुत्र्यात तिन्ही जनुकं मूळ रूपात असतात. त्यातलं आरएसपीओ2 तेवढं बदललं की मिशाळ, राठ टेरियर उभा राहतो.

जॅक रसेलमध्ये हे एकाच वेतात दिसू शकतं. 1819 मध्ये ऑक्सफर्डला शिकणाऱ्या जॉन रसेल या तरुणाने जवळच्या मार्स्टन गावी एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची कुत्री विकत घेतली. पांढरी, डोळ्या-कानांवर गडद डाग आणि जाड, दाट, किंचित राठ केस. रसेल पुढे डेव्हन परगण्यात पाद्री झाला आणि त्याच्या टेरियरांचं नाव सगळीकडे झालं. आज जॅक रसेलमध्ये गुळगुळीत, राठ आणि दोहोंच्या मधला असे तीन प्रकार मानतात. ग्रूमरचा कस या मधल्या प्रकारात लागतो. पाठीवर उपटायचं, पण तोंडावरची थोडीशी दाढी राखायची. कुठे थांबायचं हे पुस्तकात सापडत नाही, हाताखाली कुत्रे जातील तसं ते अंगात मुरतं.

गुळगुळीत केसांच्या टेरियरला काहीच करावं लागत नाही, हा समज मोडायला हवा. हे कुत्रे बाराही महिने गळतात, आणि त्यांचे आखूड, ताठ केस गादीच्या कापडात सुईसारखे रुततात. त्यावर खरा उपाय म्हणजे रबरी खरारा: गोल-गोल फिरवला की सुटलेले केस वर येतात, मग जाड हातमोज्याने अंग पुसून काढायचं. मानेच्या दोन्ही बाजूंना जिथे केसांची वळणं एकमेकांना भिडतात तिथे एक कंगोरा उठतो. तो विरळणीच्या कात्रीने इतका हलका करायचा की कात्री लागली हे कळू नये. मांड्यांची मागची बाजू आणि शेपटीची खालची कडही तशीच. वॉरन रेमेडी ही गुळगुळीत फॉक्स टेरियर मादी न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर प्रदर्शनात 1907, 1908 आणि 1909 अशी सलग तीन वर्षं सर्वोत्कृष्ट ठरली. हा पराक्रम आजवर दुसऱ्या कुठल्याही कुत्र्याला जमलेला नाही.

मराठी घरांत अशा कुत्र्याचं चित्र फार पूर्वीच पोचलं. एचएमव्हीच्या तबकडीवर कर्ण्यापुढे कान देऊन बसलेला निपर 1884 मध्ये ब्रिस्टलला जन्मला. फ्रान्सिस बॅरॉडने रंगवलेला तो आखूड केसांचा, टेरियर वळणाचा कुत्रा नाट्यगीतं आणि भावगीतं ऐकणाऱ्या कितीतरी लोकांच्या ओळखीचा झाला.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात अशा कुत्र्याचे केस पार भादरून टाकावेत असं अनेकांना वाटतं. ते चूक आहे. माणसाच्या कातडीच्या वरच्या थरात पेशींचे दहा-पंधरा पदर असतात, कुत्र्याच्या तीन ते पाचच. पांढऱ्या टेरियरची गुलाबी कातडी केसांखाली झाकलेली असते म्हणूनच उन्हात टिकते. तिच्यासाठी माणसांचा शाम्पूही तीव्र. दोघांच्या कातडीची आम्लता निराळी. सावली, पाणी आणि रोजचा खरारा एवढं मिळालं तरी ती उन्हाळा सुखाने काढते.

हत्यारंही फार नाहीत. दातेरी पात्याचा स्ट्रिपिंग चाकू नावाला चाकू. त्याने केस कापायचा नसतो, पात्यावर अंगठ्याने दाबून धरायचा असतो. नवं पातं धारदार असेल तर जाणकार ग्रूमर आधी त्याची धार मारतात. पाठीसाठी जाड दाते, डोक्या-कानांसाठी बारीक. आतली मेलेली लव काढायला ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाची वडीही वापरतात.

एकदम सगळे केस काढायचे तर वर्षातून साधारण दोनदा बसावं लागतं. त्यात तासन्‌तास जातात, आणि पुढचे काही आठवडे कुत्रा नुसत्या लवेवर हिंडतो. प्रदर्शनातले लोक दुसरी पद्धत वापरतात: दर आठवड्या-दोन आठवड्यांनी फक्त सर्वांत लांब केस काढायचे, म्हणजे वेगवेगळ्या वयाचे थर अंगावर एकाच वेळी वाढत राहतात आणि कुत्रा कधीच उघडा पडत नाही. या कामाला वेळ लागतो, म्हणून दरही जास्त असतो, आणि कित्येक सलूनवाले ते घेतच नाहीत. ब्रिटनमध्ये सिटी अँड गिल्ड्‌सची ग्रूमिंगची पदविका आहे, पण सलून उघडायला ती असलीच पाहिजे असा कायदा नाही. तेव्हा कुत्रा सोपवण्याआधी मालकाने सरळ विचारावं: हाताने उपटणार की मशिन लावणार?

आणि कधी मशिन लावणंच योग्य असतं. नसबंदीनंतर पुष्कळ टेरियरांचे केस लोकरीसारखे होतात आणि पिकले तरी सुटत नाहीत. म्हाताऱ्या, सांधे दुखणाऱ्या कुत्र्याला तासन्‌तास टेबलावर उभं करणं हा छळ आहे. अशा वेळी चांगली ग्रूमर हट्ट धरत नाही. आधी बारीक दात्यांच्या चाकूने मेलेली लव विंचरून काढते, मग केसाच्या वळणानेच मशिन फिरवते आणि पुन्हा एकदा विंचरते. त्याने उरलेला राठपणा थोडाफार टिकतो. पिल्लांच्या बाबतीत याच्या उलट घाई करावी. चार-सहा महिन्यांचं झालं की त्याची बाळकेसं हाताने काढायला घ्यावीत, एका बैठकीत दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही, आणि मधून मधून खाऊ द्यावा.